बिळाचा पत्ता

(दृश्य : संध्याकाळ. काजूच्या बागेची कड, पलीकडे उतारावरचं दाट रान. झाडाच्या मुळाशी एक बीळ.)

हे बीळ रत्नागिरी जिल्ह्यात आहे. एवढंच सांगतो. तालुका नाही, गाव नाही, वाडीचं नाव तर नाहीच. प्राण्यांवरच्या फिल्ममध्ये एरवी जागा आवर्जून सांगतात. ताडोबाचं नाव ऐकलं की लोक सुट्टी टाकून निघतात. इथं नेमकं तेच व्हायला नको आहे. या बिळाशी येणारा पुढचा माणूस कॅमेराच घेऊन येईल, असं नाही. तो पोतं घेऊनही येईल.

बीळ आहे खवले मांजराचं.

(दृश्य : कॅमेरा ट्रॅपमधलं कृष्णधवल चित्रण. प्राणी संथपणे चालतोय.)

डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन-साडेतीन फूट, वजन दहा ते सोळा किलो. अंगभर खवले, कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले. अंगावर असे खवले असणारा सस्तन प्राणी जगात दुसरा नाही. तोंडात एकही दात नाही. जीभ मात्र इतकी लांब, की तिचं मूळ पार छातीच्या पिंजऱ्यात असतं. पुढच्या पायांच्या नख्या वारूळ फोडायला असतात. त्या झिजू नयेत म्हणून तो त्या आत मुडपून चालतो. मुंग्या आणि वाळवी सोडली, तर तो दुसरं फारसं काही खात नाही. दिवस बिळात काढतो, रात्री एकटाच फिरतो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं, आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं.

धोका जाणवला, की तो पळत नाही. अंगाचं वेटोळं करतो, डोकं आणि पोट आत घेतो, वरून शेपटीचा विळखा. हे वेटोळं बिबट्यालाही सहजी सुटत नाही. माणसाला मात्र ते सोडवायची गरजच पडत नाही. तो ते तसंच्या तसं उचलतो. लाखो वर्षं ज्या युक्तीनं हा प्राणी वाचला, तीच माणसापुढं त्याला सगळ्यात सोपी शिकार करून ठेवते.

खवल्यांमध्ये औषध असतं, हा समज आशियात जुना आहे. खरं म्हणजे आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे बनतात, त्याचेच हे खवले. पण मागणीला रसायनशास्त्राशी काय देणंघेणं! एप्रिल २०१९मध्ये सिंगापूरच्या बंदरात आठवड्याभराच्या आत दोन खेपा पकडल्या गेल्या. मिळून पंचवीस टनांहून जास्त खवले. ते आफ्रिकेतल्या प्राण्यांचे होते, नायजेरियातून व्हिएतनामला निघालेले. आफ्रिकेतल्या चार आणि आशियातल्या चार, अशा आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय २०१६ साली जोहान्सबर्गच्या साइट्स परिषदेत, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत, झाला होता. तरीही हा माल निघाला होता. चीननं २०२०मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून हे खवले वगळले.

आपल्याकडे हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि, २०२२च्या दुरुस्तीनंतर, किमान पंचवीस हजारांचा दंड. कायद्याला नावं ठेवायला जागा नाही. अडचण आहे ती जमिनीची.

(दृश्य : उंचावरून. कातळाचा सडा, त्याखाली बागा, मधूनच हिरवा ठिपका देवराईचा.)

विदर्भात जंगल म्हणजे बहुतांशी सरकारी जंगल. तिथं नाका असतो, वनरक्षकाची गस्त असते. रत्नागिरी जिल्ह्यात हिरवं दिसतं ते बहुतेक खासगी. कुणाचं आंब्याचं कलमी रान, कुणाची काजू, कुणाचं सामाईक सात-बाऱ्यावरचं पडीक डोंगरउताराचं रान, ज्याचे निम्मे वारस मुंबईत. राखीव जंगल इथं नावापुरतं. खवले मांजराला या सीमा ठाऊक नाहीत. जिथं वाळवी आणि भुसभुशीत माती, तिथं त्याचं घर. मग वन विभागानं गस्त घालायची कुठं? प्रत्येकाच्या परसात?

म्हणून हे काम गावातल्या माणसांकडे आलं.

तशी वाट आधी पडलेली होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांचं काम सुरू केलं, तेव्हा किनाऱ्यावर घरटी शोधण्यात सगळ्यात तरबेज कोण होतं? अंडी काढून नेणारे. संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना हाकललं नाही, कामाला जोडून घेतलं. पुढं किनाऱ्यावरच्या गावागावांत ‘कासवमित्र’ उभे राहिले. खवले मांजराच्या कामात संस्थेनं तोच धडा डोंगरावर नेला.

रानातलं बीळ ओळखायला पुस्तक पुरत नाही. इथं लागतो तो गुराखी, लाकूडफाट्याला जाणारी बाई, एकेकाळी पारधीला गेलेले आप्पा. त्यांच्यापाशी जी माहिती असते, तीच माहिती विकत घ्यायला तस्करांचे दलालही फिरत असतात. माणूस तोच, बीळ तेच. तो हा पत्ता कुणाच्या कानात सांगतो, एवढ्यावर त्या जनावराचं आयुष्य ठरतं. माझ्या मते या सगळ्या संवर्धनाचा गाभा हाच आहे. कॅमेरे, तक्ते, नकाशे नंतर.

(दृश्य : दोघे जण उतारावर वाकून पाहताहेत.)

आता प्रत्यक्ष काम. आधी खुणा. फोडलेलं वारूळ, त्यावर नख्यांचे खोल ओरखडे. दोन प्रकारची बिळं असतात : खाण्यासाठी उकरलेलं उथळ, आणि राहण्याचं खोल. तोंडाशी पडलेली माती ताजी, ओलसर असेल तर आशा. त्यावर पालापाचोळा बसला असेल, कोळ्यानं जाळं विणलं असेल, तर मालक केव्हाच निघून गेला. बिळापाशी काटे आणि कुरतडलेली हाडं दिसली, तर आत साळिंदर आहे. जुन्या बिळात घोरपड, मुंगूस, कुणीही बिऱ्हाड करतं. मऊ मातीत कधी शेपटी ओढत गेल्याची रेघ सापडते. विष्ठा सापडली तर त्यात मुंग्यांची डोकी आणि मातीच असते.

मग कॅमेरा. उष्णता आणि हालचाल टिपून आपोआप फोटो काढणारं हे खोकं. वाघासाठी ते गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. खवले मांजर जमिनीलगत चालतं, म्हणून इथं आणखी खाली. बिळाच्या तोंडासमोर नाही, जरा बाजूला, म्हणजे त्याची वाट अडत नाही. तोंडाशी पडलेल्या मातीला हात लावायचा नाही. समोरचं गवत मात्र काढायचं. नाहीतर उन्हात वाऱ्यानं डोलणाऱ्या एका काडीचे शेकडो फोटो निघतात आणि रात्री नेमकी बॅटरी बसते.

पंधरा दिवसांनी कार्ड काढून बघायचं. रिकामी चौकट. रानडुक्कर. भेकर. कुणाचा तरी कुत्रा. काजू वेचायला आलेल्या काकूंचे पाय. पुन्हा रिकामी चौकट. कधी खोक्यात मुंग्यांनीच घर केलेलं, म्हणजे ज्यांना खायला तो येणार, त्यांनीच त्याचा फोटो हुकवला. आणि मग केव्हातरी, पहाटेआधीच्या अंधारात, ते संथ, कुबड काढलेलं चालणं.

(दृश्य : लॅपटॉपवर एकापाठोपाठ एक फोटो.)

‘मग जिल्ह्यात एकूण आहेत तरी किती?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे दुसऱ्या वाघाशी जुळत नाहीत, म्हणून फोटोंवरून वाघ मोजता येतात. खवले मांजराच्या अंगावर अशी ओळख पटवणारी खूण सहसा नसते. दहा फोटो म्हणजे दहा जनावरं, की एकाच जनावराच्या दहा रात्री? तेव्हा स्वयंसेवक मोजतात ते वेगळं : कोणती बिळं वापरात आहेत, कोणत्या उतारावर वावर आहे, गेल्या हंगामात होता आणि यंदा नाही अशी जागा कोणती. बातमीला आकडा हवा असतो. हे काम करणारा घाईनं आकडा देत नाही, आणि मला तो त्याचा मोठा गुण वाटतो.

(दृश्य : ढोल, सनई. गावातली पालखी.)

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार जागतिक खवले मांजर दिन म्हणून पाळतात. २०२० साली त्या निमित्तानं चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवली, पूजा झाली, पालखी नाचवली. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेणाऱ्या माणसांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

बिळाचा पत्ता लपवायचा आणि गावाचा उत्सव जाहीर करायचा, हे उलटसुलट नाही का? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण विचार करा. दलाल कुणाला गाठतो? एकट्या माणसाला. ज्या गावानं या प्राण्याला पालखीत बसवलं, तिथं त्याचा सौदा करणाऱ्याला भावकीत तोंड दाखवायचं असतं. कोकणातल्या गावात ही भीती पंचवीस हजारांच्या दंडापेक्षा मोठी आहे.

भावकी जिथं थांबते, तिथून पुढचं अवघड आहे. रान परक्याला विकलं जातं, एके सकाळी जेसीबी येतो आणि कंपाऊंड पडतं. लाकूडतोडीचा ठेका जातो, पोकळ बुंध्यांची जुनी झाडं जातात, त्यांच्यासोबत वाळवीही. उन्हाळ्यात वणवे लागतात. काही लागतात, काही लावले जातात. मालकानं परवानगी नाकारली, की स्वयंसेवकाला कॅमेरा काढून परत यावं लागतं. त्याच्याकडे गणवेश नाही, अधिकार नाही. असते ती ओळख आणि ओटीवरचा चहा.

(दृश्य : रात्र. विहिरीचा काठ, टॉर्चचा झोत.)

कधी खवले मांजर कठडा नसलेल्या विहिरीत पडतं, कधी मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, शिरतं. अशा वेळी गर्दी पांगवणं हे पहिलं काम. घरी ठेवून त्याला काही खाऊ घालता येत नाही. कैदेत त्यानं तग धरणं फार कठीण. ओडिशात नंदनकाननला त्याचं प्रजनन केंद्र आहे, पण तसं कौशल्य आणि तशी सोय क्वचितच असते. त्यामुळे जखम नसेल, तर वन विभागाच्या लोकांनी त्याला लवकरात लवकर, अंधारातच, जवळच्या रानात सोडणं बरं.

(दृश्य : पहिला पाऊस.)

जूनच्या तोंडाशी कॅमेरे उतरवतात. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या डोंगरात ते टिकणार नाहीत. त्याच दिवसांत लोक मात्र रात्री बाहेर पडतात : बत्ती घेऊन चढणीचे मासे धरायला, व्हाळात खेकडे पकडायला. रात्रीच्या रानाची इतकी सवय दुसऱ्या कुणालाच नाही. म्हणून पावसाआधीच्या वाडीतल्या बैठकांना सगळ्यात आधी बोलवायला हवं ते या मंडळींना. वाटेत खवले मांजर दिसलं, तर उजेड बाजूला करायचा, त्याला जाऊ द्यायचं. अडकलेलं किंवा जखमी असेल, कुणाच्या पोत्यात असेल, तर वन विभागाची हेल्पलाइन : १९२६.