कलम सातमधील स्पर्श

श्रोतेहो, नमस्कार. लैंगिक गुन्ह्यांमध्ये कृत्य कोणते, पीडित व्यक्तीचे वय किती आणि आरोपी कोणत्या अधिकारावर होता, यांवरून कलम ठरते आणि कलमावरून शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे आणि विनयभंगाला किमान १ वर्षाची कैद. ‘विनयभंग’ हा शब्द मला कधीच पटलेला नाही. सभ्यता सोडतो हल्लेखोर आणि गुन्ह्याला नाव मिळते ते बाईच्या विनयाचे. असो. १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी मात्र २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि त्यात लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शालाही किमान ३ वर्षे आहेत. हे दोन आकडे ध्यानात असू द्या: विनयभंगाला किमान १, पोक्सोच्या आठव्या कलमाखाली किमान ३.

या १ आणि ३ मधल्या अंतरावरच नागपूरचा एक खटला थेट दिल्लीपर्यंत गेला. डिसेंबर २०१६ मध्ये एका माणसाने बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो असे सांगून आपल्या घरी नेले आणि तेथे तिच्यावर हात टाकला. मुलीला शोधत आई त्या घरापर्यंत पोहोचली, तेव्हा मुलगी खोलीत कोंडलेली होती आणि रडत होती. विशेष न्यायालयाने त्याला पोक्सोखाली ३ वर्षांची शिक्षा दिली. पण जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की स्पर्श कपड्यांवरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोच्या कलम सातमधला लैंगिक हल्ला, ज्याची शिक्षा आठव्या कलमात आहे, सिद्ध होत नाही. उरतो तो विनयभंग आणि त्याला १ वर्ष.

या निकालाविरुद्ध देशाचे तेव्हाचे महान्यायवादी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. हाच अर्थ धरला, तर शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून मुलाला हात लावणारा माणूसही सुटेल, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. मला विचाराल तर जाड पुस्तकांनी जे साधले नसते, ते त्या हातमोज्यांनी साधले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, त्वचेचा त्वचेला झालेला स्पर्श नव्हे. पुन्हा सांगतो, हेतू महत्त्वाचा, कापड नव्हे. आरोपीची ३ वर्षांची शिक्षा कायम झाली.

या निकालात आणखी एक गोष्ट अडकलेली होती आणि तिची चर्चा त्या वेळी फारशी माझ्या कानावर आली नाही. विनयभंगाचे कलम, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतले ३५४ आणि आजच्या न्याय संहितेतले ७४, केवळ स्त्रीसाठी आहे, तर पोक्सो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. उच्च न्यायालयाचा तो अर्थ टिकला असता आणि त्या खोलीत मुलीऐवजी बारा वर्षांचा मुलगा असता, तर त्या माणसाला विनयभंगाचे ते १ वर्षही झाले नसते.