निकालानंतरची दरखास्त

मंडळी, दिवाणी दावा जिंकलेल्या पक्षकाराला वकील पहिलं वाक्य ऐकवतात ते, ‘आता दरखास्त टाकू.’ म्हणजे निकालाचा अंमल करून घेण्यासाठी कोर्टात नवा अर्ज. तो चक्रावतो. मग इतकी वर्षं चाललं ते काय होतं? हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा औपचारिक आदेश, मिळाल्यावर सुरू होतात, असं ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, 1872 सालीच म्हटलं होतं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरची मोजदाद मागवली, तेव्हा 8 लाख 82 हजारांवर दरखास्ती पडून असल्याचं दिसलं. सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात.

निकाल आणि अंमल यांच्यामधली ही भिंत कायद्याने घातली आहे; ती कायद्यालाच पाडता येते. ब्राझीलने पाडली. तिथे भाडेकरूकडून घर रिकामं करून घेण्याच्या दाव्यात न्यायाधीश निकालातच मुदत घालून देतो, साधारण 30 दिवसांची. भाडेकरू निघाला नाही, तर त्याच दाव्यात त्याला बाहेर काढतात, वेळ पडली तर दार फोडून. पैशाच्या दाव्यांना मात्र ही सोय नव्हती. तिथेही आपल्यासारखंच निकालानंतर नवं प्रकरण आणि ऋणकोला नव्याने समन्स. 2005 च्या कायदा क्रमांक 11.232 ने ते थांबवलं. आता वसुली हा त्याच दाव्याचा पुढचा टप्पा असतो. 15 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर 10 टक्के दंड आणि वर 10 टक्के वकील फी. मला ही टक्केवारी फार मोलाची वाटते, कारण तिथे उशीर करणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. आपल्याकडे तारखा लांबवणाऱ्याचंच फावतं.

आपल्याकडे या कल्पनेच्या सर्वांत जवळ येतो तो वाटपाचा दावा. प्राथमिक हुकूमनाम्यात भावाबहिणींचे हिस्से ठरतात, पण दावा तिथे संपत नाही. प्रत्यक्ष वाटणी करून देणाऱ्या अंतिम हुकूमनाम्यापर्यंत तो कायद्याने जिवंतच असतो. म्हणून अंतिम हुकूमनाम्याच्या अर्जाला मुदतीची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये शुभकरण बुबना प्रकरणात स्पष्ट केलं. व्यवहारात काय होतं? हिस्से ठरले की फाइल बासनात जाते, आणि पुढचा अर्ज कित्येकदा मूळ वादीचे वारस करतात. शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, तिथून तहसील कचेरी, मग मोजणी. बांधावर खुणा पडेपर्यंत हिस्सा कागदावरच राहतो. बहिणीचा तर हमखास, कारण जमीन ती कसणाऱ्या भावाच्या ताब्यात असते आणि त्याला घाई नसते.

2022 मध्ये केरळमधल्या एका वाटपाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना सांगितलं, की प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर वेगळ्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहून प्रकरण पुढे न्या. इथे बसलेल्या तरुण वकिलांना माझी कळकळीची विनंती आहे. हिस्से ठरतील त्याच दिवशी हा निकाल न्यायाधीशांपुढे ठेवा आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, पुढची तारीख लिहवून घ्या.