गेम न खेळणाऱ्यांचे गेम

मंडळी, परिचयात मला ‘गेमिंगतज्ज्ञ’ म्हटलं गेलं. घरी कळलं तर हसतील. विषय ठरलाय तो असा: निन्टेन्डोचा वी, सोनीचा प्लेस्टेशन 3 आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रांची जुंपली होती, तेव्हा हलकेफुलके गेम कुणाकडे आणि का खपले. पण आधी एक तक्रार ऐका, बरीच वर्षं पोटात आहे.

अमेरिकेत असताना बायकोच्या वाढदिवसासाठी ‘जस्ट डान्स’ हा पडद्यावर बघून नाचायचा गेम घ्यायला गेलो. काउंटरवर कवटीचा टी-शर्ट घातलेला पोरगा. मी नाव सांगितलं तर म्हणतो, “सर, हा काही खरा गेम नाही,” आणि बंदुकीवाला एक गेम पुढे सरकवला. तोही एक्सबॉक्सचा! म्हटलं, बाबा रे, माझ्या घरी वी आहे, आणि मला कुणाला मारायचं नाही, सासूबाई राहायला आल्यात. (हशा) नाही नाही, चुकीचा अर्थ काढू नका. शेवटी गेम सापडला मागच्या भिंतीला, सगळ्यात खालच्या फळीवर, गुडघे टेकून. संध्याकाळी सासूबाई पदर खोचून उभ्या, हातात धरून नाचायच्या रिमोटचा पट्टा मनगटाला. त्या पट्ट्याचीही गंमतच. सुरुवातीचे पट्टे तुटायचे, रिमोट थेट टीव्हीत. डिसेंबर 2006मध्ये निन्टेन्डोला सुमारे 32 लाख पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. आमचा टीव्ही वाचला. फुलदाणी गेली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, आता भरभर.

नेमाने खेळणारा माणूस गेम बघून यंत्र निवडतो. सासूबाईंचं तसं नाही, घरात जे यंत्र आहे त्यावर चालेल तेच त्या घेणार. म्हणजे यंत्र आधी घरात शिरलं पाहिजे. वी अमेरिकेत 250 डॉलरला आला, ‘वी स्पोर्ट्स’ हा खेळांचा गेम खोक्यातच. प्लेस्टेशन 3 तेव्हा 500-600 डॉलर. जगभरात 10 कोटींवर वी खपले. ‘जस्ट डान्स’ 2009 साली निघाला तो फक्त वीवर. 2011चा तिसरा भाग तिन्ही यंत्रांवर आला, तरी सर्वाधिक खप वीवरच. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, म्हणजे अंगाच्या हालचाली टिपणारा एक्सबॉक्सचा कॅमेरा, 60 दिवसांत 80 लाख गेला, हे खरं. पण तोवर ही घरं वीची झाली होती.

दुसरं, या गिऱ्हाइकाला नव्याची घाई नसते. निन्टेन्डो वी यू हे पुढचं यंत्र आणून मोकळी झाली, त्यानंतरचा स्विच आणला, तरी हा गेम बनवणारी यूबीसॉफ्ट 2019पर्यंत वीसाठी नवा ‘जस्ट डान्स’ काढतच होती! आणि हीच गोष्ट निन्टेन्डोच्या अंगाशी आली. घरात धड कॅरम असताना दुसरा कोण घेतो? वी यू जेमतेम 1 कोटी 36 लाख विकला गेला. पुढे मोबाइलवर फुकट गेम आले आणि तीन कंपन्यांच्या भांडणात चौथाच गिऱ्हाईक घेऊन गेला. ते कसं, हे प्रश्नोत्तरांत विचारा; अध्यक्ष उठून उभेच राहिलेत.