डोईवरचा भारा

(पहाट. धुकं. रानातली पायवाट.)

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, त्याचा पश्चिम घाट. आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा. 2011 साली भीमगड अभयारण्य झालं, पण ही गावं त्याच्या कितीतरी आधीची.

ही चुंबळ. जुन्या लुगड्याची चिंधी, पिळून गोल केलेली. उन्हाळ्यात हिच्यावर सरपणाची मोळी, सुगीत भाताचा भारा, आज तरव्याच्या, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या. पेंढ्या ओल्या आहेत. त्यांचं पाणी बाईच्या मानेवरून पाठीवर उतरतंय.

(शेत. लावणी.)

चिखल करायला आता पॉवर टिलर आला. पुरुषांचं काम हलकं झालं, चांगलंच झालं. रोप मात्र अजून हातानंच लावायचं, आणि ते बायकांनीच.

डाव्या हातात पेंढी. उजव्या अंगठ्यानं दोन-तीन काड्या सुट्या करायच्या, बोटांनी चिखलात रोवायच्या, एक पाऊल मागं. परत दोन-तीन काड्या. पाठीवर इरलं आहे. त्याचा आकार नीट बघा, तो वाकलेल्या पाठीसाठीच केलेला आहे. कंबर ताठ केली की इरलं सरकतं आणि पाऊस अंगावर येतो. म्हणून कंबर ताठ करायची नाही, पार दिवस मावळेपर्यंत.

इथं पैरा चालतो. आज हिच्या शेतात सगळ्याजणी, उद्या तिच्या. मजुरीला पैसा नसलेल्या गावाला हा मोठा आधार. पण अंगात ताप आहे म्हणून घरी बसता येत नाही. पैरा फेडायचा असतो.

(पाय, जवळून.)

बोटांच्या बेचक्यांत या चिखल्या. कातडी पांढरी पडून सोललेली. रात्री चुलीपुढं बसून कोमट तेल-हळद लावायची, सकाळी त्याच पायांनी परत चिखलात.

कंबर जाते, मान आखडते. बाळंतपणानंतर लवकर ओझं उचलल्यानं कुणाचं अंग बाहेर येतं, आणि ते घरातही बोललं जात नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. "सुगी सरू दे, मग दाखवतो," असं इथल्या बायका म्हणतात.

(ओढा. पाणी चढलेलं.)

जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी बस बायकांना मोफत आहे. पण बस मिळते ती पक्क्या रस्त्यावर, आणि तिथवर पोचायला असे ओढे ओलांडावे लागतात. या ओढ्यांवर साकव हवेत, पावसाळ्याच्या आधी. दवाखान्यात पोचल्यावर बोलणं कन्नडात. कुठं दुखतंय एवढं सांगायलाही सोबत कुणीतरी लागतं.

(संध्याकाळ.)

लावणी थांबली. ओढ्यावर पाय धुतले. गोठ्यातल्या गाईसाठी बांधावरचं गवत कापून झालं. चुंबळ परत डोक्यावर. ओल्या गवताचा भारा एकटीला उचलत नाही.

"आक्का, जरा हात लाव."