डन ही ओळ एंटर मारल्यावरच का येते

टर्मिनल उघडा, त्यात बॅश हा शेल, म्हणजे तुमच्या कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम, चालू असू द्या. स्लीप १० (दहा सेकंद नुसतं थांबणारी कमांड) टाइप करा, ती मागे चालत राहावी म्हणून शेवटी अँपरसँड (&) लावा नि एंटर मारा. लगेच कंसात १ येतो आणि शेजारी मोठा आकडा, कंसातला जॉबचा, म्हणजे शेलने मागे सोडलेल्या कामाचा नंबर, शेजारचा प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा. आता कीबोर्डला हात न लावता बघत बसा. दहा सेकंद गेले, पंधरा गेले, स्क्रीन ढिम्म. मग नुसतं एंटर मारा... आली बघा ओळ, डन.

पण जॉब तर केव्हाच संपलेला! आणि बॅशला ते तेव्हाच कळलेलं होतं.

होतं असं की प्रोसेस संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिची मेमरी काढून घेतो पण तिची छोटीशी नोंद ठेवतो, त्यात एक्झिट कोड असतो म्हणजे काम नीट झालं की फसलं ते, आणि जिने तिला जन्म दिला त्या प्रोसेसला, इथे शेलला, सिगचाइल्ड नावाचा सिग्नल पाठवतो. कोणी विचारेपर्यंत ती झॉम्बी, मेलेली पण यादीतून न गेलेली. शेल वेटपिड या कॉलने कर्नलला विचारून कोड उचलतो, तेव्हा कुठे ती सुटते. कोड शेलच्या जॉब टेबलात जातो. शून्य असेल तर डन, दुसरं काही असेल तर एक्झिट आणि तो आकडा, साध्या किल कमांडने मारलं असेल तर टर्मिनेटेड.

मग सांगायला उशीर का? ही पद्धत आली सी शेल या जुन्या शेलमधून. सी शेल बर्कलेच्या बिल जॉयचा, पण त्यातलं जॉब कंट्रोल, म्हणजे असे जॉब सांभाळायची सोय, आधी बनवलं जिम कल्पने, तेही ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्गच्या जुन्या राजवाड्यात असलेल्या आयआयएएसए या संशोधन संस्थेत. सी शेलचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं, जॉब संपल्याची बातमी प्रॉम्प्टच्या, म्हणजे पुढची कमांड मागणाऱ्या खुणेच्या, जरा आधी द्यायची, म्हणजे तुमच्या कामात व्यत्यय नको. मला हा विचार फार आवडतो, तुम्ही लांबलचक कमांड अर्धी टाइप केलीय आणि मध्येच डन घुसलं तर किती वैताग येईल! तरी लगेच हवंच असेल तर बॅशमध्ये सेट मायनस बी (set -b) करा, झेडएसएच या दुसऱ्या शेलमध्ये ते आधीपासूनच चालू असतं.

स्क्रिप्टमध्ये, म्हणजे फाइलीत लिहून एकदम चालवलेल्या कमांडमध्ये, प्रॉम्प्टच नसतो, तिथे डन येतच नाही. तिथे डॉलर उद्गारचिन्हातून ($!) मागे सोडलेल्या प्रोसेसचा नंबर जपून ठेवायचा आणि नंतर वेट कमांडला तो नंबर देऊन विचारायचं, ती प्रोसेस आधीच संपलेली असली तरी शेल तिचा कोड बरोबर हातात देतो.