चाळिशी चाळिशीत सुरू होत नाही

‘चाळिशी’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. वयही चाळिशी आणि त्या वयात नाकावर चढणारा चष्माही चाळिशी. पण याच शब्दामुळे एक गैरसमजही पक्का झाला. लोक म्हणतात, “कालपर्यंत नजर चांगली होती, आता एकदम अधू झाली.” एकदम काहीच होत नाही. जवळचं स्पष्ट पाहण्याच्या क्षमतेतली ही घट शाळेच्या वयापासूनच चालू असते.

आत्ताच करून पाहा. दूरचा नंबर असेल तर चष्मा लावून ठेवा. एक डोळा झाका, तर्जनी समोर धरून हळूहळू जवळ आणा. बोटावरच्या रेषा जिथे पुसट होतात, तो तुमचा निकटबिंदू. दहा वर्षांच्या मुलाला साधारण ७ सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दिसतं. चाळिशीत हेच अंतर २०-२५ सेंटिमीटर होतं, साठीत जवळपास १ मीटर. पुस्तक आपण ३५-४० सेंटिमीटरवर धरतो, त्यामुळे तोवर झालेली घट जाणवतच नाही. आधी जाणवते ती मंद उजेडात, कारण तेव्हा बाहुली मोठी होते आणि अस्पष्टपणा वाढतो.

असं का होतं? जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०१मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला विलक्षण वाटतो. त्यांनी पाणी भरलेलं छोटं भिंग स्वतःच्या डोळ्याला टेकवलं. पाण्यामुळे कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता निष्प्रभ झाली, तरीही जवळचं-लांबचं पाहण्याची क्षमता शाबूत राहिली. म्हणजे बदल आतल्या भिंगातच होत होता. १८५५मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी पुढचं उलगडलं: भिंगाभोवतीचा स्नायू आकसला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग आपोआप गोलसर होतं.

गोलसर होण्यासाठी ते लवचीक हवं. इथेच अडतं. त्वचा जुन्या पेशी टाकून देते, भिंग मात्र काहीच टाकत नाही. नव्या पेशींचे थर बाहेरून चढत जातात आणि जुने आत दाबले जातात. अगदी मध्यभागी जन्माआधीच्या पेशी असतात. हा गाभा वर्षानुवर्षं कडक होत जातो. स्नायू उतारवयातही आकसतो, पण भिंग त्याला दाद देत नाही. म्हणून डोळ्यांच्या व्यायामाने चाळिशी जाईल, ही आशा मी कुणाला दाखवत नाही.

“चष्मा लावला की सवय लागते, नंबर वाढतो,” हे मला सर्वांत जास्त ऐकावं लागतं आणि त्यापायी माणसं वाचन सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. चष्मा न लावणाऱ्याचंही भिंग तितकंच कडक होतं. चाळिशीचा नंबर साधारण एकपासून साठीपर्यंत अडीचपर्यंत जातो आणि तिथेच रेंगाळतो. दूरचा उणे अडीच-तीन नंबर असलेल्यांना तर चष्मा काढला की वाचता येतं.

मात्र नजर काही दिवसांतच उतरली, किंवा एकाच डोळ्याने अंधुक दिसू लागलं, तर त्याला चाळिशी समजून थांबू नका. त्याच दिवशी डोळे दाखवा.