पांढरा साका

या टेबलावरच्या दोन बाटल्या मागच्या रांगेतून दिसतायत ना? दोन्हींत मी सारखीच रसायनं घातली, आधी मँगनीज सल्फेट, मग आयोडाइड मिसळलेला कॉस्टिक सोडा. ही आमच्या नळाची. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून बाटली लहान घेतली! हिच्यात तपकिरी साका बसलाय. दुसरी काल संध्याकाळी नाल्यावर भरली, तिच्यातला साका दुधासारखा पांढरा आहे. पांढरं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. पण पाण्यात ऑक्सिजन असेल तरच मँगनीज तपकिरी पडतं. म्हणजे त्या नाल्यात मासा सोडला तर तो पाण्यातच गुदमरून मरेल.

ऑक्सिजन गेला कुठे? मैला खाणारे जिवाणू तो संपवतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. अंघोळीच्या नदीत लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, 3 मिलिग्रॅमच्या वर नको, असा आपल्याकडचा निकष आहे. पण आपल्या सोलापुरात ऑक्सिजनचं आणखी एक गिऱ्हाईक आहे, हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. माझे वडील डाइंगमध्ये होते. चादरीच्या सुताला व्हॅट रंग द्यायचा तर तो आधी पाण्यात विरघळवावा लागतो, आणि ते काम कॉस्टिक आणि हायड्रो मिळून करतात. हायड्रो ऑक्सिजनवर तुटूनच पडतं. वडील घरी आले की शर्टाला त्याचा नाकात झोंबणारा वास असायचा, आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची. कढईत उरलेलं हायड्रो गटारात गेलं की तिथंही ते आपलं काम चालूच ठेवतं. लाल-निळ्या पाण्याचा फोटो पेपरात येतो, हायड्रोचा काय येणार?

आता आपली आदिला नदी. तिचं पाणी हिप्परग्याला, एकरुख तलावात, एकोणिसाव्या शतकातच अडवलं. त्यावर शहर जगलं, माझी तक्रार नाही. पण तलावाच्या खाली पावसाळा सरला की नदीला स्वतःचं पाणी जवळपास उरत नाही. मे महिन्यात पात्रात वाहतं ते तुमच्या-माझ्या मोरीतलं. तिथं जेसीबीनं गाळ काढा, काठाला भिंत बांधा, बाकं टाका, बाटलीतला साका पांढराच राहणार. भिंतीनं तर पुराची पसरायची जागाही जाते. आदिला ज्या सीना नदीला मिळते ती सप्टेंबर 2025 मध्ये किती पसरली ते आपण पाहिलंय. आधी नाले सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवा आणि शुद्ध केलेलं सगळं पाणी विकून न टाकता थोडं पात्रात सोडा. नदीला उन्हाळ्यात वाहायला काहीतरी हवं की नको?

पुण्याची घाण उजनीत येते म्हणून आपण चिडतो, आणि ते रास्तच आहे. पण आपलं सांडपाणी सीनेतून हत्तरसंग कुडलच्या संगमावर भीमेला मिळतं. तिथल्या देवळातल्या तुळईवरचा शके 940 चा मराठी लेख दाखवायला आपण पाहुण्यांना तिथंच नेतो. त्यांना पाण्यात पाय बुडवा म्हणायची माझी तरी छाती होत नाही.

रविवारी सकाळी सातला ज्यांना जमेल त्यांनी नाल्यावर या, काचेची बुचाची बाटली आणा. पाण्याखालीच भरायची आणि तिथंच बूच लावायचं. आत एक बुडबुडा जरी राहिला तरी त्यातल्या हवेनं साका तपकिरी पडेल, आणि नाला फुकटचा पास होईल.